कीली त्यांची, किल्ली आपली

हल्ली आपल्या भागातल्या घराघरांतून एक वाक्य वरचेवर ऐकू येते : ‘आमचा पोरगा सिक्युरिटीत आहे.’ ऐकणाऱ्या अज्जीच्या डोळ्यांपुढे एटीएमच्या दारात स्टुलावर बसलेला, निळ्या शर्टातला माणूस उभा राहतो. एवढे शिकून इंजिनिअर झाला आणि हे काय, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर उमटतो. पोरगा समजावू लागतो : क्लाउड, फायरवॉल, मॅनेज्ड सर्व्हिस... अज्जी मान डोलावते आणि शेवटी म्हणते, ‘म्हंजे कावलुगारच की!’ गंमत अशी, की अज्जीचे म्हणणे अगदी बरोबर असते. भाड्याने राखण देणे हाच तो धंदा आहे. फक्त राखणदार दारात दिसत नाही आणि एकच राखणदार एका वेळी पन्नास दारे राखत असतो.

हा धंदा आता बेंगळूर-पुण्यापुरता उरलेला नाही. उद्यमबागेतली फौंड्री, निपाणीतला तंबाखूचा व्यापारी, खानापुरातली पतसंस्था, गोकाककडची सौहार्द सोसायटी, नर्सिंग होम, शाळा, सगळ्यांचा कारभार संगणकावर गेला आहे. तेव्हा आपली मुले-मुली ही सेवा विकणार आणि आपलेच काका-मामा संचालक मंडळात बसून ती विकत घेणार, असे चित्र आहे. म्हणून ही वस्तू नेमकी काय आहे आणि तिचा व्यवहार सरळ कसा करावा, हे दोन्ही बाजूंनी समजून घेतलेले बरे.

फायरवॉल म्हणजे गावाची वेस. आतले जग आणि बाहेरचे जग जिथे भेटते तिथे उभा केलेला दरवाजा. कोणी आत यावे, कोणी बाहेर जावे, कोणत्या वाटेने जावे, याची एक नियमांची वही तिथे असते. येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट त्या वहीशी ताडून पाहिली जाते. नव्वदच्या दशकात ही कल्पना बाजारात रुजली. इस्रायलमधली चेक पॉइंट ही कंपनी १९९३ साली निघाली, ती याच वस्तूवर मोठी झाली. आपल्याकडे अहमदाबादेत तयार झालेली सायबरोम ही फायरवॉलची पेटी अनेक कार्यालयांत बसली होती. २०१४ मध्ये ती कंपनी ब्रिटनच्या सोफॉस या कंपनीने घेतली.

पेटीची खोड अशी, की ती बसवताना सगळे उत्साहात असतात आणि नंतर तिच्याकडे कोणी बघत नाही. बसवणारा मुलगा वर्ष-दोन वर्षांत बेंगळूरला जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. परवाना दरवर्षी नवा करायचा असतो, तो खर्च वार्षिक सभेत कोणाला पटत नाही. कपाटाच्या वर, धुळीत, हिरवा दिवा लुकलुकत असतो आणि दिवा लागतोय म्हणजे चालतंय, अशी सगळ्यांची समजूत असते. नियमांची वही मात्र पाच वर्षांपूर्वीची. म्हणजे वेस आहे, दरवाजा आहे आणि पहारेकरी केव्हाच घरी गेला आहे.

शिवाय आता गाव वेशीच्या आत राहिलेले नाही. पिग्मी एजंट हातातले यंत्र घेऊन गल्लोगल्ली फिरतो, मॅनेजर घरून मोबाइलवर खाती पाहतो, हिशेबाचा प्रोग्राम भलत्याच शहरातल्या सर्व्हरवर चालतो. मग एका इमारतीच्या दारात पेटी ठेवून उपयोग काय? यातूनच वेस उचलून वाटेवर नेण्याची कल्पना आली. हिमाचलातल्या उना जिल्ह्यातल्या पनोह या खेड्यात वाढलेल्या जय चौधरी यांनी २००७ साली अमेरिकेत झेडस्केलर ही कंपनी काढली, ती याच विचारावर. तुम्ही कार्यालयात असा, घरी असा की बसस्टँडवर, तुमच्या संगणकातून निघालेली वाहतूक आधी कंपनीच्या केंद्रावर जाते, तिथे तपासली जाते आणि मग पुढे. टपाल जसे आधी छाननीच्या ठिकाणी जाते, तसेच. क्लाउड फायरवॉल म्हणतात ती ही. दुसऱ्या बड्या कंपन्याही आता हे देतात.

या कंपन्या आणि आपली सोसायटी यांच्यामध्ये जो उभा राहतो तो ‘मॅनेज्ड’ सेवा देणारा. तो कंपनीकडून घाऊक भावात जागा घेतो आणि किरकोळीने गिऱ्हाइकांना देतो. या धंद्याच्या भाषेत गिऱ्हाइकाला ‘टेनंट’, म्हणजे चक्क भाडेकरू म्हणतात. चाळ डोळ्यांपुढे आणा : इमारत एक, पाण्याची टाकी एक, पण प्रत्येकाची खोली वेगळी आणि कुलूप वेगळे. पैसे माणशी किंवा शाखेमागे, महिन्याच्या महिन्याला. सिंडिकेट बँकेने १९२८ साली पिग्मी सुरू केली तेव्हा एकदम मोठी रक्कम नसलेल्या माणसालाही बँकेचे दार उघडले. इथेही तेच तत्त्व आहे, फक्त पैसा उलट्या दिशेने जातो. पेटीसाठी एकरकमी मोठा खर्च न करता थोडे थोडे भरायचे. मात्र सांगितलेल्या दरावर अठरा टक्के जीएसटी वेगळा, हे आधीच विचारून घ्यावे.

पण या सेवेतली खरी किमतीची वस्तू यंत्र नसून यंत्राकडे पाहणारा डोळा आहे. साधा हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे एक खुर्ची रात्रंदिवस भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, लग्नकार्ये धरली तर पाच. तीन शाखांच्या पतसंस्थेला फक्त पडद्याकडे बघत बसायला पाच जाणकार माणसे ठेवणे परवडेल का? अर्थातच नाही. पण वीस संस्थांनी मिळून ती पाच माणसे ठेवली तर परवडते. हा हिशेब आपल्याला नवा नाही. १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळला शेतकऱ्यांनी सहकारी पतसंस्था काढली, १९०६ साली पुण्यात कॉसमॉस बँक निघाली, त्यामागे हेच शहाणपण होते : एकट्याला न पेलणारे सगळ्यांनी मिळून पेलायचे.

आता विक्रीकडे वळू. ही वस्तू विकणे फार अवघड आहे. साडी उलगडून दाखवता येते, मोटरपंप सुरू करून दाखवता येतो. राखण चांगली झाली तर मात्र काहीच घडत नाही, आणि ‘काहीच घडले नाही’ याचे बिल दर महिन्याला कोणाला द्यावेसे वाटते? मग विक्रेता दोन वाटांपैकी एका वाटेला लागतो. पहिली भीतीची. ‘साहेब, उद्या सगळे जाईल, रस्त्यावर याल,’ असे सांगून सही घ्यायची. दुसरी त्याहून घातक, हमीची. ‘आता काळजी सोडा, शंभर टक्के सुरक्षित.’ दोन्ही वाटांनी गिऱ्हाईक मिळते. पण पहिल्या वाटेने आलेले गिऱ्हाईक वर्षभर काही झाले नाही की सोडून जाते आणि दुसऱ्या वाटेने आलेले काही झाले की कोर्टात जाते.

भीती खोटी आहे असे मात्र नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरट्यांनी बँकेच्या एटीएम व्यवस्थेत घुसून, नकली कार्डांवर, अठ्ठावीस देशांतून पैसे काढले. तेही दोन-तीन दिवसांत, शनिवार-रविवार गाठून. शतकाहून अधिक जुन्या, नावाजलेल्या बँकेवर ही वेळ येते, तर आपण कोण? पण याच घटनेचा दुसरा धडा असा, की दरवाजावरची एकच राखण पुरत नाही. आत शिरलेला चोर आतल्या आत काय करतो आहे, हेही कोणीतरी पाहावे लागते.

म्हणून चांगल्या विक्रेत्याची खूण एकच : काय राखले जाणार नाही, हे तो आधी सांगतो. कारकुनाने फोनवर ओटीपी सांगितला तर फायरवॉल काही करू शकत नाही. तो फोन या वाटेने येतच नाही. कोणी पेन ड्राइव्ह लावला, आतल्याच माणसाने यादी विकली, पासवर्ड कागदावर लिहून पडद्याला चिकटवला, यांपैकी कशालाही ही वेस आडवी येत नाही. वाईट ठिकाणी जाणारी वाट ती अडवते, बाहेरून ठोठावणाऱ्याला दार उघडत नाही, संशयास्पद हालचाल दिसली तर हाक मारते. एवढे काम पुष्कळ आहे. पण ते एवढेच आहे.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला क्वचित सांगितली जाते. आज इंटरनेटवरची बहुतेक वाहतूक बंद पाकिटातून जाते. काही ब्राउझरांत पत्त्याच्या डाव्या बाजूला कुलूप दिसते ना, ते हेच. पहारेकऱ्याला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतला मजकूर दिसत नाही. मजकूरही तपासायचा तर पाकीट वाटेत उघडून, वाचून, पुन्हा चिकटवावे लागते. त्यासाठी तुमच्या प्रत्येक संगणकावर त्यांचा एक दाखला बसवतात. तांत्रिकदृष्ट्या हे योग्य आहे, कित्येकदा गरजेचेही आहे. पण याचा अर्थ असा, की राखणदाराला तुमची पत्रे वाचण्याची सोय झाली. तेव्हा कोणती पाकिटे उघडायची आणि कोणती उघडायची नाहीत, हे करारातच लिहून घ्यावे. बँकेचे व्यवहार आणि दवाखान्याची कागदपत्रे सहसा वगळतात. कर्मचाऱ्यांनाही हे सांगून ठेवावे.

आपल्याकडे दोन्ही भाषांत एकच म्हण आहे. मराठीत ‘कुंपणच शेत खातं’ आणि कन्नडमध्ये ‘बेलिये एद्दु होल मेय्दंते’, कुंपण उठून शेतात चरायला लागले. या धंद्यात ती म्हण अक्षरशः खरी ठरलेली आहे. २ जुलै २०२१ रोजी, अमेरिकेत सुट्टीचा शनिवार-रविवार तोंडावर असताना, चोरट्यांनी कासेया कंपनीच्या एका प्रोग्राममधली फट शोधली. हा प्रोग्राम सेवा देणारे लोक गिऱ्हाइकांचे संगणक दुरून सांभाळायला वापरत. चोरट्यांनी जेमतेम साठ सेवादारांना गाठले आणि त्यांच्या हातांनी जवळजवळ दीड हजार धंद्यांपर्यंत पोहोचले. स्वीडनमध्ये कोऑप नावाची ग्राहकांची सहकारी दुकाने आहेत. त्यांतली सुमारे आठशे दुकाने बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची यंत्रे चालेनात. त्या दुकानांनी कासेयाकडून काहीच घेतले नव्हते. त्यांच्या सेवादाराने घेतले होते.

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला झाल्याने, लागण पसरू नये म्हणून, तिला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडण्यात आले. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाच जास्त होत्या. काम लवकर पूर्ववत झाले. पण त्या दिवशी काउंटरवर उभ्या असलेल्या खातेदाराने जाब विचारला तो आपल्या ओळखीच्या मॅनेजरला. दूरच्या कंपनीचे नाव त्याला ठाऊकही नव्हते.

इथे आपल्या दोन भाषांतली एक जुनी गफलत उपयोगी पडते. मराठीत किल्ली म्हणजे चावी. आपल्या उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये ‘कीली’ म्हणजे कुलूप आणि चावीला म्हणतात ‘कीलिकै’. धारवाडकडची नवी सून ‘कीली हाकु’ म्हणते आणि घरातला मराठी नवरा चावी शोधत बसतो, असे विनोद आपल्या घरांतून चालतात. या व्यवहारात मात्र ही गफलत होऊन चालणार नाही. कीली सेवादाराची असू द्या, किल्ली आपली असली पाहिजे.

म्हणजे काय, ते नीट सांगतो. यंत्रणेचे मुख्य खाते संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ई-मेलवर हवे. सेवादाराच्या मुलाच्या मोबाइलवर नको. त्या खात्याचा पासवर्ड आणि दुसऱ्या खुणेची सोय बंद पाकिटात घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवावी. सेवादाराचा प्रत्येक माणूस आपापल्या नावाने आत यावा, म्हणजे कोणी काय बदलले याची नोंद राहते. एका गिऱ्हाइकाचा पासवर्ड दुसऱ्याला चालत नाही ना, हे स्पष्ट विचारावे. चाळीतल्या सगळ्या खोल्यांना एकच चावी लागत असेल तर ती चाळ घेऊ नये. आणि करार संपला तर नियमांची वही आणि जुन्या नोंदी किती दिवसांत परत मिळतील, हे लग्नाआधीच ठरवावे. सोडचिठ्ठीच्या वेळी कोणी नीट बोलत नाही.

रात्रीचाही प्रश्न आहे. पहाटे दोनला राखणदाराला धोका दिसला तर शाखेची लाइन बंद करण्याचा अधिकार कोणाला? अध्यक्षांना उठवायचे की आधी बंद करून मग सांगायचे? कोणाचा फोन लागला नाही तर पुढचा कोण? ही यादी कागदावर असली पाहिजे. आणि उलट बाजूही विचारावी : क्लाउडच बंद पडले तर आपले दार उघडे राहणार की बंद? उघडे राहिले तर राखण नाही, बंद झाले तर काम नाही. दोन्हीत तोटा आहे, तो कोणता पत्करायचा हे संस्थेने ठरवायचे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्याच कंपनीकडून सदोष बदल गेला आणि जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या देशातही विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या दिवशी चोर कोणी नव्हताच, पहारेकरीच दारात आडवा पडला होता.

कराराच्या कागदावर ‘९९.९ टक्के चालू’ असे छापलेले असते. ते फार भारी वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. त्याचा हजारावा भाग म्हणजे ४३ मिनिटे. तेवढे बंद राहिले तरी कराराचा भंग नाही. नुसते ‘९९ टक्के’ असेल तर सात तास बारा मिनिटे. आणि भंग झाला तरी बहुधा बिलातून थोडी सूट मिळते, झालेले नुकसान भरून मिळत नाही. हे विक्रेत्याने आपण होऊन सांगितले तर त्याच्यावर खुशाल विश्वास टाकावा.

कायदाही हेच सांगतो, की राखण भाड्याने घेता येते, जबाबदारी भाड्याने देता येत नाही. सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला, की ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस सांभाळायच्या. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये सायबर सुरक्षेची चार पायऱ्यांची चौकट घालून दिली. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर पुरेशी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. लोकांची माहिती ज्याने गोळा केली तो बांधील, मग काम दुसऱ्याला दिलेले असले तरी. ‘ते आमचे सेवादार बघतात’ हे उत्तर ठेवीदारापुढेही चालत नाही आणि कायद्यापुढेही.

मग आपल्या भागातल्या मुलांनी या धंद्यात पडावे का? जरूर पडावे. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. दुरुस्तीच्या टेबलावर गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे ऐकून घेण्यातून तो धंदा वाढला. क्लाउड फायरवॉलचे यंत्र कोणीही विकेल, मुंबईची कंपनी कदाचित स्वस्तातही देईल. पण धोक्याची सूचना येते ती इंग्रजीत, आणि खानापूरच्या शाखेतला कारकून ती न वाचताच पुसून टाकतो. महिन्याच्या शेवटी एक पानभर अहवाल मराठीत किंवा कन्नडमध्ये देणारा, काय अडवले, काय अडवता आले नाही आणि पुढच्या महिन्यात तुम्ही काय सुधारायचे हे सांगणारा, वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांना समोर बसवून ओटीपीची गोष्ट दोन्ही भाषांत समजावणारा माणूस इथलाच लागतो. ‘काहीच घडले नाही’ याचे बिल तोच बिनसंकोच पाठवू शकतो, कारण काय काय घडू दिले नाही हे त्याने दाखवलेले असते.

वाचकांपैकी जे कोणी सोसायटीच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या मंडळावर असतील त्यांनी पुढच्या बैठकीत आयत्या वेळच्या विषयात एकच प्रश्न विचारावा : आपल्या फायरवॉलच्या मुख्य खात्याची किल्ली या क्षणी कोणाकडे आहे? उत्तर लगेच आले तर चहा घेऊन घरी जावे. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तर बैठक तिथेच थांबवून आधी ती किल्ली शोधावी.